‘ब्र’ काढायला शिकवणारी लेखिका : कविता महाजन

संध्याकाळची कामं उरकत उरकत तुम्ही ऐकताय, म्हणून सोप्या शब्दांत सांगते. आज एका लेखिकेची ओळख करून द्यायची आहे.

आपल्या सिंधुदुर्गाने कादंबरीकार काही कमी दिले नाहीत. आरवलीचे जयवंत दळवी याच मातीतले. सावंतवाडीच्या प्रवीण बांदेकरांना तर २०२२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण आज मी जिच्याबद्दल बोलणार आहे, ती कोकणातली नव्हे, तिकडे मराठवाड्यात नांदेडला जन्मलेली. कविता महाजन तिचं नाव. तिची ओळख बचत गटांतल्या बायांना का करून द्यायची? कारण तिने गावच्या सरपंचबाईवर कादंबरी लिहिली. आपल्या पंचायतीत जे चालतं, ते तिने पुस्तकात आणलं.

कविताताईंचा जन्म १९६७ सालचा. शिक्षण मराठी साहित्याचं. सुरुवात कवितेपासून. चित्रंही काढायच्या. पुढे त्या वसईकडे राहिल्या आणि त्या बाजूच्या आदिवासी पाड्यांशी त्यांचा संबंध आला. तेव्हा तो सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. पाड्यापाड्यांवरच्या बायांचं ऐकायचं, त्यांची गाणी समजून घ्यायची, त्यांच्या अडचणी टिपून ठेवायच्या, या सगळ्यातून २००५ साली त्यांची पहिली कादंबरी आली. तिचं नाव एकाच अक्षराचं, ‘ब्र’.

तोंडातून ‘ब्र’ काढायचा नाही, असं आपण म्हणतो ना, तोच हा ब्र. आपल्याकडे मालवणीत सरळ सांगतात, “तू गप रव!” लहानपणापासून मुलीच्या कानावर हेच पडतं. सासरी गेली की तेच, आणि पंचायतीत निवडून आली तरी तेच.

कादंबरीची नायिका प्रफुल्ला. संसार मोडलेली. नवऱ्यापुढे जिने कधी ‘ब्र’ काढला नाही, अशी ही बाई एका संस्थेत कामाला लागते. तिथून ती आदिवासी भागातल्या निवडून आलेल्या बायांपर्यंत पोचते. त्यांच्या कहाण्या ऐकता ऐकता तिला स्वतःचं गप्प बसणंही दिसायला लागतं. ती काही बायांना शिकवायला गेलेली साहेबीण राहत नाही. दोन्हीकडच्या बाया एकमेकींकडून शिकतात. मला ही कादंबरी आवडते ती यासाठी.

आणखी एक सांगते. संस्थांचं गुणगान करण्यासाठी हे पुस्तक लिहिलेलं नाही. संस्थांमधला दिखावा, अहवालांचा सोस, बायांच्या दुःखावर उभी राहणारी मोठेपणाची शिडी, हेही त्यात आहे. माझ्यासारख्या समन्वयकांनी ते जरूर वाचावं.

आता थोडा हिशेब मांडू. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली आणि पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ साली त्या निम्म्या झाल्या. खुर्च्या मिळाल्या. आवाज मिळाला का? अजूनही कितीतरी गावांत पाटीवर नाव बाईचं आणि कारभार घोवाच्या हातात. ठरावाच्या वहीवर सही तिची, पण ठराव कसला ते तिला ठाऊक नाही. ग्रामसभेत एखादीने पाण्याचा विषय काढला, तर मागून येतंच, “बायलमाणसांक काय कळता?” अहो, विहिरीवर कोण जातं? नळाला पाणी किती वाजता येतं, ते कोणाला पाठ आहे?

‘ब्र’ वाचताना हे सगळं आठवतं. डोंगरातल्या पाड्यावरची बाई आणि आपल्या बंदरावरची बाई, भाषा वेगळी, गप्प करण्याची रीत मात्र एकच. आणि त्यातून सुटायची वाटही एकच दिसते. एकटीने बोललेलं दाबता येतं, दहाजणी बोलल्या तर दाबता येत नाही.

कविताताई एवढ्यावर थांबल्या नाहीत. ‘भिन्न’ ही त्यांची दुसरी कादंबरी एचआयव्ही झालेल्या बायांबद्दल आहे. आजार बहुतेक वेळा नवऱ्याकडून येतो आणि बोट मात्र बाईकडे दाखवलं जातं. ज्या विषयावर घरात कुजबूजसुद्धा होत नाही, त्यावर त्यांनी अख्खी कादंबरी लिहिली. नंतर ‘कुहू’ आली. पक्ष्यांची आणि जंगलाची ही गोष्ट शब्दांबरोबर चित्रं आणि संगीत घेऊन आली. उर्दूतल्या इस्मत चुगताई यांच्या कथा त्यांनी ‘रजई’ या नावाने मराठीत आणल्या. त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. देशातल्या निरनिराळ्या भाषांतल्या बायांनी लिहिलेलं मराठीत यावं, म्हणून त्यांनी ‘भारतीय लेखिका’ ही पुस्तकांची मालिकाही संपादित केली. म्हणजे बोलायला लागल्यावर त्यांनी दुसऱ्यांचा आवाजही पुढे आणला.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी न्यूमोनियाने पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ५१. लिहायचं कितीतरी बाकी होतं.

आता आपण काय करायचं ते सांगते. तालुक्याच्या वाचनालयात ‘ब्र’ मागा. गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली की अर्धा तास ठेवा. जिला वाचता येतं तिने दहा पानं मोठ्याने वाचावीत, बाकीच्यांनी ऐकावं. मग एकच प्रश्न विचारा : हे आपल्या वाडीत घडतं का?

आणि दुसरं काम. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा आपल्या राज्याचा नियम आहे. ती सभा खरंच होते की रजिस्टरवर सह्या घेऊन उरकली जाते, ते बघा. सह्याच मागायला आले, तर विचारा : सभा कधी, कुठे, विषय काय? वाडीतला रस्ता, पाणी, मासळी विकायला बसणाऱ्या बायांसाठी शेड आणि संडास, जे पाहिजे ते तिथे बोला आणि ठरावात लिहून घ्या. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा.

पहिल्यांदा बोलताना आवाज कापेल. कापू दे. शेजारी बसलेलीने तिचा हात धरावा, आणि ती खाली बसली की पुढचं वाक्य आपण बोलावं.

पुढच्या आठवड्यात भेटूच. नमस्कार.