अडीअडचणीची पुंजी



आपल्या गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे. दूरदूरचे हिंदू-मुसलमान भाविक तेथे येतात. त्यांच्या येण्याजाण्यावर काही घरांची चूल पेटते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे टाळेबंदी झाली. राज्यातील देवळे, मशिदी, दर्गे भाविकांसाठी बंद झाले. ते १६ नोव्हेंबर २०२० ला उघडले. आठ महिने भाविक नाही, गिऱ्हाईक नाही. हात धडधाकट, पण त्यांना काम नाही.

शेतीचेही तसेच. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशीची बोंडे पोखरली. शेतकऱ्याचा माल गेला आणि वेचणाऱ्या बायांची मजुरीही गेली. संकट काही सांगून येत नाही.

अशा वेळी माणूस सावकाराचे दार ठोठावतो. आम्ही जन्मभर मुलांना गणित शिकविले. आज तुम्हांलाही एक गणित घालतो. दहा हजार रुपये कर्ज काढले. व्याज महिन्याला शेकडा पाच. म्हणजे महिन्याचे पाचशे. वर्षाचे झाले सहा हजार. रोजचे पडले सोळा रुपये. आणि मुद्दल? ते जसेच्या तसे उभे!

आता हेच पाचशे रुपये दर महिन्याला आधीपासून आपल्याच खात्यात टाकले, तर वीस महिन्यांत दहा हजार होतात. पैसा तोच. संकटाआधी भरला तर तो आपला, नंतर भरला तर सावकाराचा.

आपले वाडवडील ज्वारीचे बियाणे वेगळे राखून ठेवीत. दाणा कमी पडला तरी त्याला हात लावीत नसत. अडचणीची पुंजीही तशीच राखावी. सणाला नाही, लग्नालाही नाही. आजारपण, नापिकी किंवा काम सुटणे, यांसाठीच ती काढावी.

खर्च भागवून उरेल ते ठेवू म्हणाल, तर काही उरत नाही. आधी ठेवावे, मग खर्चावे. कापूस विकला त्याच दिवशी ठेवावे. मजुरी हाती आली की बाजाराला जाण्यापूर्वी ठेवावे. निदान तीन महिन्यांचा घरखर्च जमेपर्यंत थांबू नये.

कोणी म्हणेल, “गुरुजी, पोटालाच पुरत नाही, तर ठेवायचे काय?” हे म्हणणे खोटे नाही. अशा घरातील बाईने बचत गटात यावे. दहा ते वीस बाया दर महिन्याला थोडेथोडे जमवितात. अडल्यानडलेलीला त्यातूनच कर्ज देतात. तिने भरलेले व्याज गटातच राहते.

पैसा गाडग्यात ठेवू नये. पोस्टात महिना शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव उघडता येते. ती पाच वर्षांची असते. अचानक लागणारा पैसा मात्र साध्या बचत खात्यात ठेवावा, म्हणजे हवा तेव्हा काढता येतो. बँक बुडाली तर एका ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा नाही. जास्त व्याजाच्या लोभाने सगळी पुंजी एकाच ठिकाणी घालू नका.

बँकेत किंवा पोस्टात खाते असले, की वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमाही मिळतो. वय १८ ते ७० हवे. अपघाती मृत्यू झाल्यास घरच्यांना दोन लाख मिळतात. साप चावून मृत्यू झाला तरी मिळतात, पण दवाखान्याचा कागद लागतो. तो जपून ठेवावा.

आता तुम्हांला वाचता येते. पैसे भरले की पासबुकात नोंद करून घ्या. आकडा स्वतः वाचा. कागद वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका, आणि अंगठा तर मुळीच देऊ नका. उद्याच घरी बसून महिन्याचा खर्च पाटीवर मांडा. त्याला तीनने गुणा. जो आकडा येईल, तेवढी पुंजी आपल्याला जमवायची आहे.