मालिका संपली, आता घराचं बोलू



आज आम्ही मालिकांवर बोलणार आहोत. हसू नका. गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीत सह्या झाल्या की आमच्या गप्पा तिकडेच वळतात. बोंबील वाळत घालतानाही विषय तोच, काल काय झालं?

आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाले ते ‘आई कुठे काय करते!’वर. स्टार प्रवाहवर ती डिसेंबर 2019 मध्ये सुरू झाली आणि 30 नोव्हेंबर 2024 ला संपली. जवळजवळ पाच वर्षं अरुंधती आमच्या घरातलीच होती. मूळ गोष्ट बंगाली, ‘श्रीमोयी’ची. हिंदीत तीच ‘अनुपमा’ झाली. उसनी गोष्ट म्हणून काही जणींनी नाक मुरडलं. तेव्हा आमच्यातल्या एक म्हाताऱ्या काकी म्हणाल्या, “लुगडं बदललं, चूल तीच हाय गो बाय.” पटलं आम्हाला. ‘ठरलं तर मग’सुद्धा तमिळ ‘रोजा’वरून आली. गोष्ट कुठून आली यापेक्षा ती इथं रुजली का, हे बघायचं.

अरुंधती रुजली. नवऱ्याचं मन दुसरीकडे आहे हे कळल्यावर ती रडली, पण रडतच बसली नाही. घटस्फोट घेतला, गाण्याकडे वळली, स्वतः कमवायला लागली. मधुराणी प्रभुलकर यांनी ते काम असं केलं, की आम्ही जेवणाचं ताट हातात तसंच धरून बघायचो.

पुढे तिनं आशुतोषशी लग्न केलं, तेव्हा आमच्यात दोन तट पडले. “या वयात लग्न कशाला?” असं काही जणी म्हणाल्या. “पुरुषाला कोणी वय विचारतं का?” असं बाकीच्यांनी विचारलं. आणि मग मालिकेनं आशुतोषलाच मारलं. दोन्ही तट एकत्र चिडले! बाईला जरा सुख दिलं की ते काढून का घ्यायचं?

मार्च 2024 मध्ये मालिका संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला नेली. त्या वेळी बाजारात टोपली घेऊन बसलेल्या मैत्रिणींची मालिका तिथंच संपली. दुपारी घरात असणारीच बाई टीव्ही बघते, असं ठरवणाऱ्यांनी आमचा मासळी बाजार बघितला नसावा.

आमचं मत सांगतो. गोष्ट सांगून झाली की थांबावं. ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांवर भाग झाले, पण त्यातले आज आठवतात किती? सार जास्त माणसांना पुरवायला पाणी घालत गेलं, तर चव राहत नाही.

पण शेवटानंतरच्या बैठकीत एकीनं विचारलं, “अरुंधतीसारखी वेळ आली, तर आपण कुठे जाऊ? आपलं घर कोणाच्या नावावर आहे?” सगळ्या गप्प. घरपट्टीच्या पावतीवर स्वतःचं नाव असणाऱ्यांनी हात वर करा म्हटलं, तर दोनच हात वर आले. त्यातल्या एकीचं नाव नवरा गेल्यावर लागलेलं.

म्हणून चौकशी केली. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावता येतं. नवऱ्याची संमती असेल, तर लक्ष्मीमुक्ती योजनेत त्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावरही लागतं. आणि नाव नसलं तरी, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्यानं बाईला राहत्या घरात राहायचा हक्क आहे. मनात आलं म्हणून कोणी तिला बाहेर काढू शकत नाही.

घरी विषय काढायला आम्हीही कचरलो. “माझ्यावर विश्वास नाही का?” हे ऐकावं लागलंच. आम्ही म्हटलं, विश्वास आहे, म्हणूनच दोघांचं नाव मागतोय. आमच्यातल्या तिघींचे अर्ज आता ग्रामपंचायतीत गेलेत.

तर मैत्रिणींनो, आज रात्रीची मालिका जरूर बघा. पण त्याआधी घरपट्टीची पावती काढून वाचा. पुढच्या बैठकीला ती सोबत घेऊन या.