मुलांचे शिबिर आणि घटकाभर मौन

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित सभेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या सभेत मुलांच्या उन्हाळी शिबिराविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मला झाली आहे. माझ्याआधीच्या वक्त्यांनी मंडळाच्या गणेशोत्सवाचा, नाटकांचा आणि ग्रंथालयाचा इतिहास आपल्यापुढे मांडला. त्या वैभवापुढे आमच्या दहा दिवसांच्या शिबिराची कथा ती काय! तरीही या शिबिरात माझ्या हातून एक चूक घडली आणि ती सुधारण्याची वाट मला अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडली. तेवढेच आज सांगणार आहे.

‘क्वेकर’ हे नाव आपल्यापैकी अनेकांना केवळ ओटाच्या डब्यावरून परिचित असेल. त्या डब्याच्या कारखान्याचा या पंथाशी नावापलीकडे काही संबंध नाही, हे आधी सांगून टाकते. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या प्रेरणेने निघालेला हा ख्रिस्ती पंथ स्वतःला ‘मित्रसमाज’ म्हणवितो. त्यांच्या जुन्या रीतीच्या उपासनेत पुरोहित नसतो. सर्व जण शांत बसतात, आणि ज्याला अंतःकरणापासून काही सांगावेसे वाटेल तो उठून बोलतो. कारभाराच्या सभेतही हात वर करून मते मोजण्याची पद्धत नाही. सर्वांचे ऐकून घेतल्यावर सभेचा कौल कोणीकडे आहे हे लेखनिक शब्दांत मांडतो, आणि सभेला ते मान्य झाले तरच तो निर्णय ठरतो. एखाद्याच्या मनाला तो पटला नाही, तर विषय पुढच्या सभेवर जाऊ शकतो. (आपल्या कार्यकारिणीत ही पद्धत आणली तर सभा किती वाजता संपेल, याचा हिशेब अध्यक्षांनी करू नये!)

अमेरिकेत आणि इतरत्रही उन्हाळ्याच्या सुट्टीत या मंडळींची मुलांसाठी दिवसाची शिबिरे भरतात. मुले सकाळी येतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी परततात. अशा शिबिरांत खेळ असतात, हस्तकला असते, झाडाझुडपांतली भटकंती असते. पण मधूनच सारी मुले गोलाकार बसून काही मिनिटे मौन पाळतात. पंथाबाहेरची मुलेही त्यांत येतात. खेळही शक्यतो असे निवडायचे, की कोणी बाद होऊन कडेला बसू नये.

हे सारे परके वाटेल. परंतु या मंडळींचा आणि आपल्या या नगरीचा संबंध जुना आहे. 1942 साली ‘फ्रेंड्स अँब्युलन्स युनिट’ची तुकडी येथे आली, ती होरेस अलेक्झांडर यांच्या नेतृत्वाखाली. काम ठरले होते हवाई हल्ल्यांतील मदतीचे. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले आणि 1943 मध्ये बंगालचा तो भयानक दुष्काळ आला. तुकडी त्या कामाला लागली. ऑगस्ट 1947 मध्ये बेलियाघाटच्या हैदरी मंझिलमध्ये गांधीजी राहिले, तेव्हा हेच अलेक्झांडर त्यांच्यासमवेत होते. गृहस्थ पक्षिनिरीक्षणातही नाणावलेले. ज्याला तासन्‌तास गप्प बसता येते त्यालाच पक्षी दिसतात, असे मला वाटते.

दुसरे नाव मार्जरी साइक्स यांचे. 1928 साली त्या मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या. पुढे शांतिनिकेतनात राहिल्या, बंगाली शिकल्या, रवींद्रनाथांच्या लेखनाचे अनुवाद त्यांनी केले. त्यानंतर त्या गेल्या कोठे? आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, नई तालीमच्या कामासाठी! त्या कामाचा भार वाहणाऱ्या आशादेवी आर्यनायकम याही शांतिनिकेतनातूनच गेलेल्या, आणि बंगाली कुटुंबातल्या. उलट दिशेने आपले काकासाहेब कालेलकर काही काळ शांतिनिकेतनात येऊन राहिले होते. हावड्याहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसताना आपण पापड-लोणच्याच्या बरण्या मोजतो. याच वाटेने शिक्षणाचे केवढे विचार गेले-आले, ते मात्र आपल्या ध्यानी येत नाही.

आता माझ्या चुकीकडे येते.

काही वर्षांपूर्वी मंडळाच्या सभागृहात मुलांचे पहिले शिबिर भरले. वैशाखाचा उकाडा, वर पंखे गरगरताहेत, आणि खाली सहा ते तेरा वर्षांची वीस-बावीस मुले. मराठी बोलणे मागे पडत चालले आहे ही आपणा सर्वांचीच चिंता. तेव्हा मी, निवृत्त शिक्षिकेच्या अधिकाराने, नियम केला की शिबिरात फक्त मराठीच बोलायचे. बंगाली, हिंदी वा इंग्रजी शब्द तोंडातून गेला की फळ्यावर नावापुढे एक रेघ. संध्याकाळी ज्याच्या रेघा सर्वांत कमी, त्याला बक्षीस.

शिबिरात एक नऊ वर्षांची मुलगी होती. वडील मराठी, आई बंगाली. पहिल्या दिवशी तिच्या नावापुढे अकरा रेघा पडल्या आणि मुले हसली. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी एकही नाही. मला धन्यता वाटली. न्यायला आलेल्या तिच्या आजींना मी मोठ्या कौतुकाने ते सांगितले, तर त्या म्हणाल्या, “बाई, रेघ पडेल कशी? दोन दिवस ती इथं बोलतच नाहीये. उद्यापासून येत नाही म्हणतेय.”

बंधुभगिनींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मराठी टिकविण्यासाठी काढलेल्या शिबिरात मी एका मुलाची वाचाच बंद केली होती.

या मित्रसमाजाविषयीचे वाचन अगोदर झालेले होते, पण ते कपाटातल्या पुस्तकासारखे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळा पुसला. मुलांना गोलाकार बसविले आणि सांगितले, “पाच मिनिटे कोणीच, कोणत्याच भाषेत बोलायचे नाही. मीसुद्धा नाही.” प्रथम खुदखुदणे झाले, मग कोपराने ढोसणे. तिसऱ्या मिनिटास रस्त्यावरच्या फेरीवाल्याची आरोळी स्पष्ट ऐकू आली. आजींनी समजूत घालून आणलेली ती मुलगी माझ्यासमोरच बसली होती. सर्वच गप्प असताना तिचे गप्प बसणे वेगळे दिसत नव्हते.

मग मी विचारले, “भाषेचा नियम काय असावा, हे तुम्हीच ठरवा, मात्र मते मोजायची नाहीत.” मते मोजली असती तर घरी अस्खलित मराठी बोलणारी मुले सहज जिंकली असती. चर्चा तासभर चालली. मोठ्या मुलांना रेघांचा नियम हवा होता, कारण बक्षिसे त्यांचीच होती. एक सात वर्षांचा चिरंजीव “मला नाही पटत” एवढेच म्हणून अडून बसला. कारण विचारले तर सांगेना. अखेर त्यानेच तोडगा काढला: गोष्ट कोणीही, कोणत्याही भाषेत सांगावी, पण शेजारी बसलेल्याने ती मराठीतून परत सांगावी. यावर मात्र कोणी अडले नाही. मी तो ठराव फळ्यावर लिहिला.

या पद्धतीने मुलांचे मराठी व्याकरण सुधारते, असा माझा दावा नाही. लिंगाचे घोटाळे पूर्वीइतकेच होतात, आणि ‘जल खाल्लं’ अजून ऐकू येते. काही पालकांनी तेव्हा नाराजी व्यक्त केली की मराठीच्या शिबिरात बंगाली कशासाठी. त्यांची तळमळ मी जाणते. उत्तर देताना आजही मी थोडी अडखळते. मंडळाने त्यानंतरही शिबिर चालू ठेवले, हा त्यांचा मोठेपणा.

त्या दिवशी दुपारी त्या मुलीने गोष्ट सांगितली. उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या 1910 सालच्या ‘टुनटुनीर बोई’मधल्या त्या चतुर पाखराची, आणि तीही ठसक्यात, हातवारे करून, अर्थातच बंगालीत. शेजारी तोच सात वर्षांचा चिरंजीव. त्याने मराठीतून सुरुवात केली, “एक होती चिमणी...”

“चिमणी नाही,” ती एकदम म्हणाली, “शिंपी. आजी शिंपीच म्हणते. पानं शिवतो ना तो!”