'राजपुताना' बोटीची अखेर

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर वळसंग हें गांव लागतें. भोवतालचा मुलूख ज्वारीचा व कोरडवाहू. समुद्र येथून फार दूर. आर्क्टिक वर्तुळाच्या उंबरठ्यावर बुडालेल्या एखाद्या आगबोटीशीं या भागाचा कांहीं संबंध असेल, अशी कल्पनाहि सहसा कोणाच्या मनांत येणार नाहीं. परंतु तसा एक संबंध आहे, आणि तो सोलापूरच्याच एका सुपुत्रामुळें जडलेला आहे.

१ सप्टेंबर १९३८ रोजीं 'राजपुताना' ही आगबोट मुंबईहून निघाली. जपानशीं लढणाऱ्या चीनच्या साह्यार्थ राष्ट्रसभेनें पाठविलेलें पांच डॉक्टरांचें पथक तींत होतें. त्या पांचांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. वयाचें अठ्ठाविसावें वर्षहि अद्याप पुरें व्हावयाचें होतें. सात वर्षांपूर्वीं, २९ ऑगस्ट १९३१ रोजीं, महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठीं याच बोटीनें विलायतेस गेले होते. पी. अँड ओ. कंपनीची ही बोट सुमारें १६,६०० टनांची. उतारूंची व टपालाची ने-आण करणें, एवढाच तिचा धंदा.

१९३९ च्या सप्टेंबरांत महायुद्ध पेटलें आणि तिचा हा धंदा सुटला. इंग्लंडला धान्य, तेल व युद्धसाहित्य अटलांटिक महासागर ओलांडूनच आणावें लागे, आणि तेथें जर्मन पाणबुड्या टपून बसलेल्या असत. एकटें जहाज सहज बळी पडे. म्हणून व्यापारी जहाजांचे तांडे करून त्यांना सशस्त्र सोबत देण्यांत येऊं लागली. पण सोबतीपुरत्या युद्धनौका आरमाराजवळ नव्हत्या. तेव्हां मोठ्या उतारू बोटींवर तोफा चढवून त्यांनाच पहारेकरी करण्यांत आलें. १९३९ च्या डिसेंबरांत 'राजपुताना' आरमाराच्या ताब्यांत गेली. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर तिच्यावर सहा इंची आठ तोफा बसविण्यांत आल्या.

तोफा बसविल्यानें उतारू बोटीची युद्धनौका होत नाहीं. तिच्या अंगावर पोलादी चिलखत नसतें, आणि तिच्या उंच बाजू शत्रूच्या नजरेंत दुरूनच भरतात. 'राजपुताना'ची बहीण 'रावळपिंडी' हिनें याचा अनुभव आधींच घेतला होता. २३ नोव्हेंबर १९३९ रोजीं आइसलंडनजीक दोन प्रचंड जर्मन युद्धनौकांशीं तिची गांठ पडली. ती शरण गेली नाहीं. २३८ माणसांसह ती बुडाली.

'राजपुताना'ची पाळी १३ एप्रिल १९४१ रोजीं आली. हॅलिफॅक्सहून निघालेल्या एका तांड्याची सोबत संपवून तिला चार दिवस झाले होते. ग्रीनलंड व आइसलंड यांमधील डेन्मार्कच्या सामुद्रधुनींत यू-१०८ या पाणबुडीनें तिच्यावर टॉर्पेडो सोडला. बोट तासाहून अधिक काळ तग धरून होती. तेवढ्या अवधीमुळें बहुतेकांचे प्राण वांचले. 'लीजन' या विनाशिकेनें २८३ जणांना त्या बर्फासारख्या पाण्यांतून उचलून घेतलें. ४२ जण मात्र गेले. शांततेच्या काळांतील तिचे अखेरचे कप्तान रिचर्डसन हे त्यांतच होते. बोटीचें सोंग बदललें, तरी त्यांनीं तिला सोडलें नव्हतें.

त्यानंतर चारच महिन्यांनीं, २१ ऑगस्ट १९४१ रोजीं, रशियाला मदत नेणारा पहिला तांडा आइसलंडहूनच आर्खांगेल्स्ककडे निघाला. त्या वाटेवर पुढें कितीतरी व्यापारी जहाजें बुडालीं.

'राजपुताना' बुडाली, तेव्हां डॉ. कोटणीस उत्तर चीनमध्यें जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत होते. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, तेथेंच त्यांचें देहावसान झालें. ज्या बोटीनें त्यांना नेलें ती परतली नाहीं आणि तेहि परतले नाहींत. युद्धानें बोटीचा धंदा बदलला. डॉक्टरांनीं मात्र आपला धंदा युद्धांतहि बदलला नाहीं. सोलापुरांत त्यांचें स्मारक आहे. तें पाहतांना त्यांना सागरापार पोंचविणाऱ्या त्या बोटीची, आणि तिच्याबरोबर गेलेल्या बेचाळीस जणांचीहि आठवण व्हावी, हें उचितच होय.