गाडी उभी राहिली की एंजिन का मरते?

बैहरच्या पठारावरून बालाघाटकडे येणारा घाट धानाची पोती लादलेल्या जुन्या गाडीतून जो उतरला असेल, त्याला एंजिनाच्या लहरीची किंमत सांगावयास नको. गेल्या पावसाळ्यात माझ्या परिचयाचे एक शेतकरी अशीच गाडी घेऊन माझ्याकडे आले. जीपच्या सांगाड्यावर मागे हौदा बांधलेली, पेट्रोलवर चालणारी. महिंद्रांनी 1947 साली मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. तिच्याच वंशातली ही गाडी.

“दादा, रेसवर पाय असेतो ठीक, पाय काढला की मरते,” ते म्हणाले. एकदा तर ती रेल्वेच्या फाटकात, ऐन रुळांवर बंद पडली होती. त्या धास्तीने त्यांनी रेसचा स्क्रू पिळून एंजिनाची गती वाढवून घेतली. गाडी बंद पडेनाशी झाली खरी. परंतु घाट उतरताना पाय काढला तरी एंजिन पुढे रेटू लागले आणि सारा भार ब्रेकांवर आला. एक संकट टाळण्यासाठी त्यांनी दुसरे ओढवून घेतले होते.

हा स्क्रू रोगाचे औषध नव्हे, हे कळण्यासाठी कार्बोरेटरच्या पोटात थोडे डोकवावे लागेल. गाडी उभी असते तेव्हा हवेच्या वाटेवरची झडप जवळजवळ मिटलेली असते. मोठ्या जेटमधून त्या वेळी पेट्रोल येतच नाही. झडपेखालच्या एका बारीक छिद्रातून जे झिरपेल, त्यावरच एंजिन तग धरून असते. घास इतका लहान, की बाहेरची जरा हवा आत शिरली किंवा छिद्रात जरा कचरा अडकला, तरी प्रमाण बिघडते. भरधाव गाडीत हाच दोष जाणवतही नाही.

म्हणून शोध क्रमाने घ्यावा. आधी ठिणगी पाहावी. जीपच्या जुन्या चार सिलिंडरच्या एंजिनात प्लगची फट सुमारे 0.030 इंच आणि पॉइंटची सुमारे 0.020 इंच असावी. ती बिघडली असता कार्बोरेटरला दोष देण्यात अर्थ नाही. मग एंजिन गरम करून चोक किंचित ओढून पाहावा. एंजिन सुधारले, तर पेट्रोल कमी पडत आहे किंवा कोठून तरी फाजील हवा शिरत आहे. उलट ते गुदमरले आणि काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त होत आहे. अशा वेळी एअर फिल्टर धुळीने भरला आहे काय, फ्लोटची सुई गळते काय, हे पाहावे.

आमची गाडी चोक ओढताच शांत चालू लागली. मी कार्बोरेटरच्या बुडाशी, पॅकिंगच्या सांध्यावर, साबणाचे थोडे पाणी सोडले. क्षणभर एंजिनाचा सूर पालटला. येथेच हवा शिरत होती! खराब रस्त्यांच्या हादऱ्यांनी नट सैल झाले होते आणि पॅकिंगला चीर गेली होती. या परीक्षेसाठी काही जण पेट्रोल शिंपडतात; तापलेल्या एंजिनावर तसे कदापि करू नये.

पॅकिंग बदलले, तरी थोडी कुरकुर उरलीच. जेट उघडले, तर आत तांबूस गाळ. 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी 2023 पासून आपल्या देशात विकले जाऊ लागले. इथेनॉल जुन्या टाकीतला गाळ सोडवते, पाणी शोषून घेते, जुन्या रबरी नळ्या फुगवते आणि मिश्रणही थोडे पातळ करते. म्हणून जुन्या गाडीची टाकी, फिल्टर व नळ्या एकदा तपासून घ्याव्यात. जेटमध्ये तार मात्र खुपसू नये. छिद्र रुंदावले की ते जेट कायमचे वाया जाते. पंक्चरवाल्याकडची दाबाची हवा पुरेशी आहे.

हे सर्व झाल्यावर स्क्रूची पाळी येते. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत न्यावा. जोर केल्यास त्याचे टोक झिजते. मग साधारण दीड फेरा बाहेर घ्यावा, एंजिन गरम करावे आणि ते सर्वांत वेगाने पण स्थिर चालेल तेथे स्क्रू ठेवावा. त्यानंतरच रेसचा स्क्रू सैल करून गती उतरवावी. हे काम मोकळ्या जागेत करावे. बंद पडवीत एंजिनाचा धूर प्राणघातक ठरतो.

दोन तासांत गाडी ताळ्यावर आली. खर्च झाला तो एका पॅकिंगचा. त्याआधी त्या गृहस्थांना कोणीतरी नवा कार्बोरेटर घेण्याचा सल्ला दिला होता, आणि त्यासाठी ते धान विकावयास निघाले होते. जाताना त्यांनी गाडी मुद्दाम फाटकापाशी उभी केली, रेसवरून पाय काढला आणि कान देऊन ऐकत राहिले. एंजिन संथपणे चालूच होते.