चाळीस सेकंदांची जाहिरात

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात वाशिम जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेनं केलेलं भाषण)



सोयाबीनची सोंगणी सुरू आहे. दिवसभर वाकून कंबर भरून आली असेल. तेव्हा पाय पसरून बसा, हाताशी काही निवडायचं असेल तर तेही चालू द्या. तुमची दहा-बारा मिनिटं मी घेणार आहे.

आज मी मोबाईलवर येणाऱ्या मेसेजबद्दल बोलणार आहे. मोबाईल वाईट, असं सांगायला मी आलेली नाही. गटाचा हिशोब, बाजार समितीतला भाव, सासरी गेलेल्या लेकीचा चेहरा, सगळं आता त्यातच आहे. मला सांगायचंय ते आमच्या शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांनी केलेल्या जनहिताच्या जाहिरातींबद्दल. रेडिओवर, टीव्हीवर 'जनहितार्थ जारी' म्हणून लागतात ना, तशा. पण त्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

२०१८ सालचा उन्हाळा. माझ्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळत आहेत. मोटारसायकलवर दोघंजण येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. खाली लिहिलेलं, लेकरं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा. माझी धाकटी तेव्हा पाच वर्षांची होती. माझ्या काळजाचं पाणी झालं. मी क्षणभरही थांबले नाही. भावकीचा ग्रुप, शिक्षकांचा ग्रुप, गल्लीतल्या बायकांचा ग्रुप, तिन्हीकडे तो पाठवला. वर लिहिलं, 'खरं-खोटं माहीत नाही, पण काळजी घेतलेली बरी.'

त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. आठवडी बाजाराचा दिवस होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे पाच जण तिथं आले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, गावोगाव भिक्षा मागून पोट भरणारे. लेकरं पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा त्या भागात आधीच पसरलेली होती. ते एका लहान मुलीशी बोलताना दिसले, एवढ्यावरून जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण जिवानिशी गेले. टोळी नव्हती, पळवलेलं लेकरूही नव्हतं.

पुढे त्या व्हिडिओचीही हकिगत कळली. तो आपल्याकडचा नव्हताच, पाकिस्तानातल्या कराची शहरातला होता. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या रोशनी हेल्पलाईन नावाच्या संस्थेनं केलेली ती जनहिताची जाहिरात होती. मूळ जाहिरातीत मोटारसायकलवाले परत येतात, पोराला सुखरूप खाली उतरवतात आणि एक फलक दाखवतात. त्यावर लिहिलेलं असतं, कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो, म्हणून लक्ष ठेवा. कोणीतरी हा शेवटच कापून टाकला आणि उरलेला तुकडा आपल्या देशात फिरवला. लेकरांना जपण्यासाठी केलेली जाहिरात माणसं मारण्याचं निमित्त झाली.

राईनपाड्याच्या लोकांनी नेमका हाच व्हिडिओ पाहिला होता, असं मी म्हणत नाही. त्या दिवसांत तसले किती तरी मेसेज फिरत होते. पण ती भीती पसरवण्यात माझ्या अंगठ्याचाही वाटा होता, हे मला नाकारता येत नाही. मी शिक्षिका आहे. मुलांना खरं बोला म्हणून शिकवते. आणि मीच लिहिलं होतं, 'खरं-खोटं माहीत नाही.'

मग मी मुलांना शिकवायचं ठरवलं. आधी नुसतं सांगून पाहिलं. अफवांवर विश्वास ठेवू नका, खात्री करा. मुलं मान डोलवायची आणि मधल्या सुट्टीत तेच मेसेज एकमेकांना दाखवायची. तेव्हा माझ्या लक्षात आलं, सांगून हे येत नाही. ज्या बाईनं स्वतः पुरण शिजवलंय, तिला दुसरीच्या पुरणात डाळ कच्ची राहिली हे एका घासात कळतं. मेसेजचंही तसंच. जो स्वतः बनवतो, त्याला कळतं की यात काय घातलंय आणि काय काढलंय.

म्हणून मुलांना म्हटलं, तुम्हीच जाहिरात करा. पाच-पाच जणांचे गट केले. विषय गावातलाच हवा. वेळ फक्त चाळीस सेकंद, म्हणजे ऐंशी-नव्वद शब्द. माझाच मोबाईल, शाळेचीच खोली. आवाज घुमू नये म्हणून खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. नियम तीन. जे सांगाल ते कोणाला विचारून आलात ते मला सांगायचं. भीती दाखवली तर काय करायचं तेही सांगायचं. आणि शेवटी, ही जाहिरात कोणी केली ते बोलायचं.

पहिल्या गटानं विषय घेतला सर्पदंशाचा. शेतात काम करणाऱ्यांच्या घरात तो विषय असतोच. मुलांनी लिहून आणलं, 'साप चावला की अर्ध्या तासात माणूस मरतो!' मागे बाईच्या रडण्याचा आवाजही घातलेला. मी विचारलं, हे कोणी सांगितलं? म्हणे, यूट्यूबवर होतं. मग त्यांना प्रश्न लिहून देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. तिथून मुलं वेगळंच ऐकून आली. बहुतेक साप बिनविषारी असतात. आपल्याकडे जिवाला धोका मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचा. चावलेल्या जागी चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून दोरी बांधायची नाही. माणसाला धीर द्यायचा, चालवायचं नाही, तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही. १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यायचं. विषावरचं इंजेक्शन तिथं असतं, मांत्रिकाकडे नसतं.

एका पोराचा चेहरा पडला. म्हणाला, "मॅडम, हे ऐकून कोणी घाबरणारच नाही." मी म्हटलं, घाबरलेला माणूस काय करतो ते सांग. तो विचार करून म्हणाला, "पळते." पळणाऱ्याच्या अंगात विष लवकर भिनतं, हे तो स्वतःच ऐकून आला होता. त्यानं रडण्याचा आवाज काढून टाकला. चांगल्या कामासाठीसुद्धा खोटी भीती घालायची नाही, हे माझ्या दहा भाषणांनी त्याला कळलं नसतं.

मग आम्ही एक खेळ केला. त्या जाहिरातीत एका मुलीच्या तोंडी वाक्य होतं, 'मांत्रिकाकडे न्या, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.' मी मोबाईलवर त्या वाक्याची शेपटी कापली आणि वर्गात ऐकवलं. उरलं काय? 'मांत्रिकाकडे न्या.' आवाज तिचाच. शब्द तिचेच. मुलगी ताडकन उठली, "मॅडम, मी असं म्हटलंच नाही!" डोळ्यांत पाणी आलं तिच्या. वर्ग एकदम गप्प झाला. तेव्हा मी त्यांना कराचीच्या जाहिरातीची गोष्ट सांगितली आणि राईनपाड्याचीही. मी काय पाठवलं होतं तेही सांगितलं. कापलेलं ते रेकॉर्डिंग तिथंच सगळ्यांसमोर पुसून टाकलं.

मैत्रिणींनो, जनहिताची जाहिरात किती मोठं काम करते, हे आपण पोलिओच्या वेळी पाहिलंय. तेव्हाही अफवा होत्या, डोस दिला तर पुढे मुलं होत नाहीत म्हणून. 'दोन थेंब' रेडिओवर, टीव्हीवर पुन्हा पुन्हा ऐकवले गेले, आशाताई आणि अंगणवाडीताई दारोदार फिरल्या. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. उलट केरळातल्या कन्नूर जिल्ह्यात गोवर-रुबेलाच्या लसीबद्दल मोबाईलवर अफवा पसरल्या आणि आई-बाप लस द्यायला मागे सरले. तेव्हा तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी २०१८ मध्ये सुमारे १५० सरकारी शाळांत खोटा मेसेज कसा ओळखायचा याचे वर्गच सुरू केले. हे शिकवणं एखाद्या शिक्षिकेचा छंद नाही, शाळेचं कामच आहे, ही हिंमत मला तिथून आली.

आता दुसऱ्या गटाची गोष्ट. ती तुमच्या-आमच्या जास्त जवळची आहे.

लाडक्या बहिणीच्या हप्त्यासाठी ई-केवायसी करायला सांगितलं, ते दिवस आठवा. खऱ्या संकेतस्थळासारखी दिसणारी खोटी पानंही तेव्हा निघाली होती. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आजीला मेसेज आला, आजच केवायसी करा नाहीतर हप्ता बंद. खाली लिंक. आजीनं नातवाकडून ती उघडून घेतली, विचारलं ते भरलं, आलेला ओटीपीही दिला. खात्यातले ७,४०० रुपये गेले. कापूस वेचून साठवलेले. आजीनं दोन दिवस कोणालाच सांगितलं नाही. घरात कळलं तेव्हा मुलगा चिडला, 'तुले कोणी सांगतलं होतं मोबाईल पाहाले?' त्या दोन दिवसांत पैसे कुठल्या कुठे गेले. ते परत आले नाहीत.

नातीच्या गटाला यावर जाहिरात करायची होती. मी म्हटलं, आधी आजीला विचारून ये. गोष्ट तिची आहे. चारचौघांत तिची शोभा करायचा आपल्याला हक्क नाही. नात विचारून आली. आजी म्हणाली होती, "माहं नाव नको घेऊ वं. पण पैसे किती गेले थे खरे सांग. कमी नको सांगू आन जास्तबी नको."

आजी शाळेत गेलेली नाही. पण काय झाकायचं आणि काय झाकायचं नाही, हे तिनं एका वाक्यात सांगितलं. नाव झाकलं तर एका माणसाची अब्रू राहते. रक्कम बदलली तर गोष्टच खोटी होते. वर्गात फळ्यावर आम्ही तेच लिहून ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, याचा उपयोग काय झाला? एकच प्रसंग सांगते. परवा पावसाळ्यात मी पालकांच्या ग्रुपवर एक सूचना टाकली, उद्या अतिवृष्टीमुळे शाळांना सुट्टी. मला आलेली, मी पुढे पाठवली. दोन मिनिटांत एका आईचा मेसेज आला, 'मॅडम, पोरगी म्हणते यावर तारीख नाही.' पाहिलं तर खरंच नव्हती. आदल्या वर्षीची सूचना होती ती. एवढं शिकवून मी पुन्हा तिथंच! मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

तेव्हा माझी विनंती अशी. गटाच्या पुढच्या बैठकीला हिशोब झाला की गावातली चार पोरं बोलवा. आठवड्यात मोबाईलवर आलेला कुठलाही एक मेसेज सगळ्यांनी मिळून पाहा आणि चार प्रश्न विचारा.

पहिला, हे कोणी बनवलं? नाव, पत्ता, खातं काही आहे का? दुसरा, तारीख आणि गाव कुठलं? तिसरा, याचा शेवट कुठे आहे? आधीचं-पुढचं काही कापलंय का? आणि चौथा, हे ऐकून मला काय होतंय? भीती, राग की हाव? यातलं काही एकदम दाटून आलं, तर अंगठा आवरा. मेसेजच्या वर दोन बाणांची खूण असेल, तर तो अनेक हातांतून फिरून आलेला आहे एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळांनी पाठवला म्हणून तो खरा ठरत नाही. २०१८ च्या जुलैत व्हॉट्सअ‍ॅपनं एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी जाईल अशी मर्यादा घातली. पण खरी मर्यादा आपल्याच हातात आहे.

आणि पैसे गेले तर आजीसारखे दोन दिवस घालवू नका. लगेच १९३० ला फोन करा, बँकेत कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. जिचे पैसे गेले तिला घरच्यांनी आधी रागवू नये. रागवण्याच्या भीतीनंच बाई गप्प बसते.

शेवटची एक गोष्ट. सुगी संपली की आपल्या गावांत डवरी गोसावी येतील, वासुदेव येईल, बहुरूपी येईल. वर्षानुवर्षं येत आलेत. लेकरांवर लक्ष ठेवा, ते आईचं कामच आहे. कोणाबद्दल खरंच शंका आली तर पोलीस पाटलांना सांगा, ११२ ला फोन करा. पण त्या माणसाला पाणी विचारा, कुठून आलात ते विचारा. मोबाईलपेक्षा समोरच्या माणसाला विचारलेलं बरं.

आता आजीच्या नातीच्या गटानं केलेली जाहिरात लागेल. चाळीसच सेकंदांची आहे. तेवढी मात्र शेवटपर्यंत ऐका.