जाळीचा तुकडा आणि रुग्णाची सही

हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या कमकुवत भिंतीवर जाळी शिवतात, आणि ती महाग असते. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी त्याऐवजी मच्छरदाणीचं कापड कापून, निर्जंतुक करून वापरलं. पण वापरणाऱ्याचा अनुभव कितीही चांगला असला, तरी तुलना झाल्याशिवाय खात्री देता येत नाही. युगांडात ३०२ पुरुषांवर ती तुलना झाली. कोणाला कोणती जाळी, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. २०१६ साली निष्कर्ष आले: वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात हर्निया एकालाच पुन्हा झाला, महागड्या जाळीच्या गटात कोणालाच नाही. या ज्ञानात त्या रुग्णांचा वाटा मोठा आहे!

"म्हणजे आम्ही प्रयोगातले उंदीर?" अशा चाचणीत भाग घ्यायला सांगितलं की वाटणारी ही भीती रास्त आहे. मात्र उंदराला कोणी विचारत नाही. माणसाची संमती घ्यावीच लागते, तीही त्याला समजेल अशा भाषेत. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं, नेहमीचे उपचार थांबत नाहीत. चिठ्ठीही तेव्हाच न्याय्य, जेव्हा उजवं काय हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी निःसंकोच विचारा: नीतिसमितीची मंजुरी आहे का? टाके चिघळले तर खर्च कोणाचा? रात्री फोन कोणाला करायचा?